क्लाउडवरचं मशीन बंद केलंत, पण भाडं थांबलं का?

भोसरीच्या कारखान्यापासून बाणेरच्या स्टार्टअपपर्यंत अनेक जण आता सर्व्हर विकत न घेता क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, भाड्याने घेतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचं ‘सेंट्रल इंडिया’ रीजन, म्हणजे सर्व्हर जिथे असतात ते ठिकाण, २०१५ पासून पुण्यातच आहे. ॲमेझॉन आणि गूगल यांची मुंबईत आहेत. मशीन सुरू करताना रीजन मुद्दाम तपासा. चुकून अमेरिकेतलं निवडलं, तर प्रत्येक क्लिकला उशीर जाणवतो.

खरी काळजी घ्यायची ती बिलाची. अझूरवरचं मशीन विंडोजच्या आतून शटडाउन केलं, तर ते ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण प्रोसेसर आणि मेमरी तुमच्याच नावावर राखून ठेवलेली असते. म्हणजे भाडं चालूच! हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे ठासून सांगतो: अझूरच्या पोर्टलवरचं, म्हणजे वेबसाइटवरचं, ‘स्टॉप’ बटण दाबा आणि ‘डीॲलोकेटेड’ (राखून ठेवलेलं सोडून दिलं) असं दिसेपर्यंत थांबा. डिस्कचे पैसे मात्र त्यानंतरही लागतात. मशीन कायमचं नको असेल, तर बॅकअप घेऊन डिस्क, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या प्रती) आणि राखीव आयपी पत्ताही (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) काढून टाका.

बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरवलेल्या मर्यादेपर्यंत गेला की येणारी सूचना, पहिल्याच दिवशी लावा. तो फक्त ईमेल पाठवतो, खर्च रोखत नाही, तेव्हा डेव्हलपरबरोबर मालकाचाही पत्ता त्यात घाला.

टेस्टिंगच्या मशीनला रात्रीचं ‘ऑटो-शटडाउन’ लावता येतं. त्यात टाइम झोन भारताचा निवडा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडेल.