'एली' नाव ठेवताना: आयिन की आलेफ?

ज्यू घरात मुलाचं नाव 'एली' ठेवायचं असेल तर आधी हिब्रूतलं पहिलं अक्षर ठरवा: आयिन की आलेफ. देवनागरीत एकच दिसणारी ही दोन निराळी नावं आहेत. आयिन-लामेद-योद या अक्षरांनी लिहिलं तर तो बायबलमधला, शिलो इथला याजक एली. अर्थ उंचीचा, वर जाण्याचा. आलेफ-लामेद-योद लिहिलं तर 'माझा देव', आणि ते बहुतेकदा एलियाहू किंवा एलिएझरचं लघुरूप असतं. 1986 चं शांततेचं नोबेल मिळालेले एली वीझेल हे मूळचे एलिएझर.

आजोबा-पणजोबांवरून नाव ठेवत असाल तर अंदाज नको. त्यांचा केतुबा (लग्नाचा करारनामा) किंवा कबरीवरचा हिब्रू मजकूर पाहा आणि तेच अक्षर उचला. धार्मिक कागदांत पूर्ण नाव लागतं: 'एलियाहू बेन' (बेन म्हणजे मुलगा) आणि पुढे वडिलांचं नाव. इथे आयिन-आलेफची गफलत झाली तर ती पुढे लग्नाच्या केतुब्यात उतरते, आणि घटस्फोटाच्या पत्रात, म्हणजे 'गेट'मध्ये, तर नावाच्या एकेका अक्षराला महत्त्व असतं.

स्वभावाचं म्हणाल तर याजक एली सरळसोट आदर्श नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला मोलाचा वाटतो. शमुवेलाची आई हन्ना ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती, तेव्हा ती प्यायलेली आहे असं समजून तो तिला रागावला. खरं कळताच त्याने तिला आशीर्वाद दिला. लहान शमुवेलाला देवाची हाक ओळखायला त्यानेच शिकवलं. स्वतःच्या मुलांना, हफनी आणि फिनहास यांना, मात्र तो आवरू शकला नाही. कडक, निर्भय नबी डोळ्यांसमोर असेल तर आलेफवालं, एलियाहूचं नाव घ्या. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलियाहू नबीला, मलिद्याचा (गोड पोह्यांच्या नैवेद्याचा) मान असतो; अलिबागजवळच्या खंडाळे गावाशी त्याची आठवण जोडलेली आहे.

नाव सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी जाहीर होतं. जन्माचा दिवस पहिला धरा. बुधवारी दुपारी जन्म झाला तर पुढचा बुधवार. सूर्यास्तानंतर रात्री झाला तर गुरुवार, कारण हिब्रू दिवस संध्याकाळी बदलतो. घोटाळा नेमका इथेच होतो, म्हणून दवाखान्यातून जन्माची वेळ लिहून घ्या. बाळाला कावीळ असेल तर सुंता पुढे ढकलतात.

जन्मनोंदणी 21 दिवसांत करा. तेव्हा नाव पक्कं नसेल तर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. इंग्रजीत ई-एल-आय लिहाल तर परदेशात 'ईलाय' अशी हाक ऐकू येईल. देवनागरी रकान्यात 'एली' स्वतः लिहून द्या, लिपिकावर सोडू नका. उच्चारात याजकाच्या नावाचा जोर 'ली'वर, लघुरूपाचा सहसा 'ए'वर.