पीएम किसानचा हप्ता अडकलाय? चकरा मारण्याआधी या चुका टाळा

शेजाऱ्याला हप्त्याचा मेसेज आला आणि आपल्याला नाही, की माणूस थेट बँक गाठतो. बँक तहसीलला पाठवते, तहसीलवाले कृषी कार्यालयाकडे बोट दाखवतात. हा फेरा सुरू करण्याआधी पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती बघा. लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि बँक खात्याचं आधार सीडिंग (सरकारी पैशांसाठी खात्याला आधार जोडणं), यांपैकी ज्याच्यापुढे 'नो' असेल तिथेच काम करायचं आहे. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे ६,००० रुपयेही याच यादीवर चालतात, त्यामुळे बहुतेक वेळा इथलं दुरुस्त झालं की तिकडचंही सुटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ बँकेच्या सीडिंगचा. काउंटरवरचा माणूस सांगतो, "तुमचं आधार लिंक आहे." तो खोटं बोलत नसतो. पण केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे घेण्यासाठी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेकडे त्या बँकेची नोंद असणं वेगळं. एका आधारमागे अशी नोंद एकाच बँकेची राहते. शेवटी जिथे संमतीची सही केली, ती बँक. मग होतं काय, दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी घाईघाईत पोस्टाच्या बँकेत खातं उघडलेलं असतं, फॉर्मवर टिक केलेली असते, आणि आपण जिल्हा बँकेचं पासबुक छापून घेत बसतो. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी जुनी, विसरलेली खाती तपासावीत. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि पोच मागून घ्या. नुसती आधारची झेरॉक्स देऊन येऊ नका.

लँड सीडिंग 'नो' असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. आधारवर ज्ञानेश्वर आणि सातबाऱ्यावर ज्ञानोबा, असली नावं इथे नडतात. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. वेळ लागतो, पण ते करावंच लागतं.

ई-केवायसीचं त्या मानाने सोपं आहे. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घासलेले असतात, मशीन घेत नाही. त्यांच्यासाठी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय आहे. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइलला (ॲप बसवणाऱ्या फाइलला) हात लावू नका, खातं रिकामं होतं.

आता वारसांबद्दल. वडील गेल्यावरही त्यांच्या खात्यात हप्ते येत राहतात आणि घरचे ते काढत राहतात. पुढे वसुलीची नोटीस येते. त्यापेक्षा मृत्यूची नोंद कळवा, वारस फेरफार करून घ्या आणि मग स्वतःची नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन या योजनेत चालत नाही, वारसाहक्काची मात्र चालते. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी कुटुंब एकच धरतात, हप्ता एकालाच. दोघांनी घेतला असेल, किंवा त्यांच्यापैकी कुणी आयकर भरत असेल, तर नोटिशीची वाट न बघता पोर्टलवरच्या रिफंडच्या पर्यायातून रक्कम परत भरा आणि पावती सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवा.