जुन्या डॅनिश चांदीचा ब्रोच कसा साफ करावा

चांदी काळी पडली की टूथपेस्ट, नाहीतर फॉइल आणि खायचा सोडा, हा सल्ला हमखास मिळतो. डॅनिश चांदी-कारागीर गेओर्ग येन्सनच्या धाटणीच्या जुन्या ब्रोचवर यातलं काहीही करू नका. द्राक्षांचे घोस, पानं, कळ्या उठून दिसाव्यात म्हणून कारागिरानं खोलगट भाग गंधकाच्या द्रावणानं मुद्दाम काळे केलेले असतात. फॉइल-सोडा तो काळेपणाही उतरवतो आणि नक्षी सपाट दिसू लागते.

आधी मागचा ठसा भिंगातून बघा. ८३० म्हणजे ८३ टक्के चांदी, ९२५ म्हणजे स्टर्लिंग, साडेब्याण्णव टक्के. तीन मनोऱ्यांचा शिक्का, म्हणजे चांदीचा कस तपासल्याची डॅनिश खूण, असेल तर खाली सालाचे आकडे सापडतात. येन्सनची कोपनहेगनमधली कार्यशाळा १९०४ची. ठिपक्यांच्या लंबगोलातलं त्याचं नाव मात्र १९४५ पासूनचं. ठसा स्पष्ट दिसावा म्हणून घासू नका.

धूळ मऊ ब्रशनं झटका. खडे नसतील तर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन लगेच टिपा. अंबर, मूनस्टोन किंवा बंद कोंदण असेल तर पाणी नकोच, ओलसर फडकं पुरे.

आता खरं काम. मुद्दाम केलेला काळेपणा आणि नंतर चढलेला, हे ओळखता आलं पाहिजे. पहिला खाचांत बसलेला, एकसारखा. दुसरा पिवळट-तपकिरी, कधी निळसर, ठिगळं पडल्यासारखा, आणि मागच्या सपाट बाजूवरही असतो. शंका आली की मागची बाजू बघा, ती सहसा काळी केलेली नसते.

चांदीचं पॉलिशचं फडकं बोटावर घेतलंत की घोटाळा झालाच. बोट मऊ, ते फडक्याला खाचेत ढकलतं. मला हे उशिरा उमगलं. आइस्क्रीमच्या काडीवर फडकं ताणून गुंडाळा आणि फक्त उंचवट्यांवरून, एकाच दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. दर दोन-चार फेऱ्यांनी ब्रोच खिडकीशी तिरका धरून बघा. पानाची कड उजळली, शीर काळीच राहिली, की थांबा. आरसा करायला गेलात तर हातोडीच्या ठोक्यांचे बारीक पैलू झिजतात, आणि ते परत येत नाहीत.

सराफाकडे उजाळ्याला देऊ नका. पॉलिशची मोटर आणि अ‍ॅसिड यापुढे जुनं काम टिकत नाही. पिनेचा डाख सुटला असेल तरच द्या, आणि उजाळा नको असं पावतीवर लिहून घ्या.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उमटतो.