जुन्या हायवेवरच्या पाट्या आणि मोटेलं टिपायचीत? कॅमेऱ्यासोबत वही पण घ्या

माझ्याकडे एका बंद पडलेल्या मोटेलचे सतरा फोटो आहेत, एकदम भारी आलेत, पण ते कुठल्या गावातलं हे आज मला सांगता येत नाही. म्हणून आधी वहीचं बोलतोय. तारीख, गाव, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, पाटीचं तोंड कुठे, एवढं जागेवरच लिहा, घरी गेल्यावर आठवत नाही.

अमेरिकेतला रूट ६६ घ्या. १९२६ ला सुरू झाला, शेजारून इंटरस्टेट म्हणजे नवे मोठे हायवे गेले, गाड्या तिकडे वळल्या आणि १९८५ ला हायवेच्या यादीतून नावच काढलं. डायनर (रस्त्याकडेची छोटी खाणावळ), पंप, मोटेलं मात्र तिथेच राहिली, आणि त्यातलं एखादं पडलं की मागे तुमचा फोटोच उरतो. निघायच्या आधी जॉन मार्गोलीसचे फोटो बघा, हा अमेरिकेतल्या अशाच रस्त्याकाठच्या जागा टिपणारा फोटोग्राफर, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्याच्या ११ हजारांहून जास्त स्लाइड्स फुकट बघायला मिळतात. त्याची पद्धत अशी: साधी ५० एमएम लेन्स, एएसए २५ ची स्लो (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्म, सकाळचं ऊन, समोरून सरळ फोटो, मध्ये माणूस नाही की गाडी नाही. तिरके अँगल नंतर घ्या हो, आधी एक असा सरळ घ्याच.

निऑनच्या, म्हणजे चमकणाऱ्या काचेच्या ट्यूबच्या पाट्यांना खरी मजा आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ पण तिथेच होतो. रूट ६६ वरच्या टुकमकारी गावातलं (न्यू मेक्सिको) ब्लू स्वॅलो मोटेल पूर्ण अंधारात काढलं तर नुसत्या रेघा दिसतात, इमारत गायब. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश अजून निळं असतं, तेव्हा काढा. अमेरिकेतल्या विजेवर ट्यूब सेकंदाला १२० वेळा मिणमिणते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, त्यामुळे शटर १/६० सेकंद किंवा त्याहून स्लो ठेवा आणि ट्रायपॉड लावा. लाल ट्यूब फोटोत पांढरी दिसायला लागली की एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे प्रकाश निम्मा करा. (खरा निऑन फक्त लाल-केशरीच असतो बरं का, निळा रंग आर्गॉन आणि पाऱ्याचा.)

भिंतीवरच्या रंगवलेल्या जुन्या जाहिराती पाऊस पडून गेल्यावर जास्त उठून दिसतात, तेव्हा गाठा. स्वतः पाणी मारू नका, घासू तर अजिबात नका, जुन्या रंगात शिसं असतं.

मालक भेटला तर गप्पा मारा, जुनी पोस्टकार्डं आहेत का विचारा आणि मागची बाजू पण स्कॅन करा, ६०० डीपीआय पुरतं. फाइल्स तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आणि पाटीचं एखादं अक्षर निखळून खाली पडलेलं दिसलं तर आठवण म्हणून खिशात टाकू नका, मालकाच्या हातात द्या, कारण उद्या कोणी ती पाटी दुरुस्त करायला आला तर अक्षराचं माप त्याला त्याच तुकड्यावरून मिळणार आहे.