साउथ जॉर्जियाला जायचंय? मग आधी वाऱ्यासाठी दिवस काढून ठेवा

अंटार्क्टिकाच्या क्रूझबद्दल हल्ली बरेच जण विचारतात, माझं ऐकाल तर अजून थोडे पैसे साठवा आणि जिच्यात साउथ जॉर्जिया आहे तीच ट्रिप घ्या. दक्षिण अटलांटिकमधलं हे ब्रिटिशांच्या ताब्यातलं बेट, साधारण १६५ किमी लांब, मधे जवळजवळ तीन हजार मीटरपर्यंत चढलेले बर्फाचे डोंगर, विमानतळ नाही, कायमची वस्ती नाही, जायचं तर जहाजानेच, आणि सगळ्यात जवळची फॉकलंड बेटं सोडली की दोन-अडीच दिवस नुसतं पाणी.

बुकिंग करताना ट्रिप एकूण किती दिवसांची आहे ते बघू नका, साउथ जॉर्जियात किती दिवस आहेत ते बघा. कारण तिथला वारा. हिमनद्यांवरून थंड जड हवा एकदम खाली किनाऱ्यावर कोसळते, सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तासाभरात फेसाळतं आणि मग लँडिंग, म्हणजे रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरणं, कॅन्सल, त्यावर कोणाचंच काही चालत नाही. दोनच दिवस दिलेले असतील आणि दोन्ही दिवस वाऱ्यात गेले तर एवढ्या लांब जाऊन डेकवरूनच बेट बघायचं. चार दिवस तरी हवेतच. दुसरं म्हणजे जहाज छोटं घ्या. एका वेळी जास्तीत जास्त शंभर जणांनाच किनाऱ्यावर सोडतात, त्यामुळे दोनशे लोकांच्या जहाजावर अर्धा वेळ आपला नंबर यायची वाट बघण्यात जातो, आणि पाचशेच्या वर प्रवासी असलेली जहाजं तर लँडिंग करूच शकत नाहीत.

महिना कुठला हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एलिफंट सीलचे अवाढव्य नर किनाऱ्यावर भांडत असतात आणि बर्फही भरपूर असतो. डिसेंबरमध्ये फर सील किनारे इतके व्यापून टाकतात की काही ठिकाणी उतरायलाच जागा नसते, जानेवारीच्या शेवटापासून जरा मोकळं होतं, पिल्लं मात्र सगळीकडे. किंग पेंग्विन कधीही जा, दिसणारच, कारण त्यांचं एक पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त काळ लागतो. सेंट अँड्र्यूज बेला लाखांनी आहेत, आणि तो आवाज आणि तो वास कुठल्याच फोटोत येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे आपली मंडळी हमखास दुर्लक्ष करतात: साफसफाई. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून इथे उंदीर आले होते, त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वाट लावली, मग हेलिकॉप्टरने विष टाकून अख्खं बेट साफ केलं आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे तिथे बाहेरचं बीसुद्धा चालत नाही. सह्याद्रीत वापरलेले शूज, सॅक, जॅकेट नेणार असाल तर घरीच बसून व्हेल्क्रोमधली कुसळं चिमट्याने एकेक काढा, लेसच्या भोकातली माती टूथब्रशने काढा, खिसे उलटे करून झटका, चिवड्यातली मोहरी नाहीतर तिळगुळातला तीळ शिवणीत हमखास सापडतो. जहाजावर परत तपासतात, तिथले सरकारी अधिकारीही तपासतात. खाऊ जहाजावर खा, किनाऱ्यावर न्यायचा नाही.

२०२३ पासून तिथे बर्ड फ्लू पोचलाय, म्हणून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. गुडघेदुखी असेल तर हे आधीच लक्षात घ्या, दोन-तीन तास उभंच राहावं लागतं. फर सील अंगावर धावून आला तर पळू नका. जागेवर उभं राहून मोठ्याने टाळ्या वाजवा, गाईड काय सांगतो ते ऐका आणि हळूहळू मागे सरका. ते चावतात आणि जखम चिघळते.

थंडी म्हणाल तर तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, शून्य ते दहा डिग्री, पण वाऱ्याने ती दुप्पट वाटते. पार्का, म्हणजे टोपीचं जाड जॅकेट, आणि गमबूट बहुतेक कंपन्या देतात, विचारून घ्या. वॉटरप्रूफ पँट मात्र चांगली घ्या आणि ती बुटाच्या बाहेरून सोडा, आत खोचली तर लाट सरळ बुटात. रबरी बोटीत चढता-उतरताना समोरच्याचा पंजा नाही, मनगट पकडायचं, आणि दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा बॅगेत.

उलटीचा त्रास होत असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटायच्या आधीच सुरू करा, एकदा पोट ढवळायला लागलं की ती पोटात टिकत नाही.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदराहून जहाज सुटत असेल तर दोन दिवस आधी पोचा, कारण ब्यूनोस आयर्सला विमानतळ बदलावा लागू शकतो, आणि सामान मागे राहिलं तर जहाज थांबत नाही. अर्जेंटिनातून बाहेर पडून परत येणार असाल तर व्हिसा दोनदा एंट्रीचा लागेल का, आणि फॉकलंडसाठी काय लागतं, हे कंपनीकडून लेखी घ्या. शाकाहारी असाल, जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्याच वेळी कळवा, समुद्रात भाजी मिळत नाही. इन्शुरन्समध्ये जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत न्यायचा खर्च धरलाय का ते नीट वाचा, बेटावर हॉस्पिटल नाही आणि पेशंटला न्यायचं म्हणजे पुन्हा दिवसेंदिवस समुद्र.

आणि बेटावरच्या ग्रिटव्हिकेनला उतराल तेव्हा १९०४ साली सुरू झालेल्या व्हेलिंग स्टेशनच्या, म्हणजे देवमाशांचं तेल काढायच्या जुन्या कारखान्याच्या, गंजलेल्या टाक्या बघून लगेच परत फिरू नका, पुढे छोट्या स्मशानभूमीत अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनची कबर आहे, तिकडेही जा. १९१६ मध्ये दोन साथीदारांना घेऊन, नकाशा नसताना, दीड दिवसात हे डोंगर ओलांडून त्याने मागे अडकलेल्या आपल्या माणसांसाठी मदत गाठली होती. जायच्या आधी ती हकीकत वाचून जा, म्हणजे जहाजावरून ते डोंगर बघताना कळेल तो कुठून कुठे चालला असेल.