गर्दीच्या पाण्यावर बोट चालवताना

सुटीच्या दिवशी एखाद्या तलावावर बोटींची गर्दी झाली की वादाचे खापर वेगावर फोडले जाते. प्रत्यक्षात लोक चिडतात ते दुसऱ्याच्या बोटीने मागे सोडलेल्या लाटेमुळे, आणि ती लाट सोडणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याची नजर समोर असते. म्हणून गर्दीच्या पाण्यात शिरण्यापूर्वी अधूनमधून मागे वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वेगाबद्दल एक गोष्ट नवख्या चालकाला सहसा कुणी सांगत नाही. अगदी सावकाश चालणारी बोट पाणी फारसे ढवळत नाही, आणि हलकी मोटारबोट पूर्ण वेगात पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकू लागली की तिची लाटही तुलनेने बसकी होते; मधल्या वेगात मात्र बोटीचे पुढचे टोक वर उचलले जाते, मागचा भाग पाण्यात रुततो आणि सर्वांत मोठी लाट तेव्हाच उठते. त्यामुळे दुसऱ्या बोटीजवळ आल्यावर सौजन्य म्हणून वेग थोडासा कमी करणारा चालक बरेचदा जास्तच त्रास देऊन जातो. वेग कमी करायचाच तर पुढचे टोक खाली येऊन बोट सपाट होईपर्यंत करावा, आणि तोही बराच आधी व हळूहळू, कारण बोट मंदावली तरी तिच्या मागून येणारी लाट मंदावत नाही. इंजिन एकदम बंद केल्यास तीच लाट मागच्या बाजूने आपल्या बोटीत शिरू शकते. नांगरलेल्या बोटीच्या शिडीला धरून कुणी पाण्यातून वर चढत असेल, तर अशा एका लाटेने शिडी वर उचलली जाते आणि क्षणात त्याच्या हातांवर किंवा डोक्यावर आदळते. धक्क्याला बांधलेल्या बोटी, कयाक आणि पोहणारे यांच्याजवळून जाताना म्हणूनच बोट पुढे सरकण्यापुरताच वेग ठेवावा. जवळ कुणी पाण्यात असेल तर इंजिन पूर्ण बंद करावे. गिअर न्यूट्रलमध्ये आहे एवढ्यावर विसंबू नये.

कोणी कोणाला वाट द्यावी, याचे मूळ नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत आणि ते 1977 पासून लागू आहेत. अंतर्गत जलाशयांवर स्थानिक नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचून घ्यावेत. दोन मोटारबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला मोकळे सोडावे, मग मागची बोट शिडाची का असेना. एरवी मोटारबोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. ती वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाते, हा चालकाचा लहरीपणा नव्हे. शक्य तेथे तिच्या मागून जावे. वाट देताना इतके ठळक वळावे की समोरच्याला ते लांबूनही कळेल. दुसरी बोट जवळ येत आहे, पण ती दिसण्याची दिशा बदलत नाही, असे असेल तर टक्कर होण्याचा धोका आहे असे धरून चालावे. समोरच्याचा हेतू कळत नसेल तर भोंग्याचे पाच छोटे आवाज द्यावेत. संताप व्यक्त करण्यासाठी मात्र भोंगा वापरू नये.

नांगर टाकताना आधी आलेल्याचा मान राखावा. वारा फिरला की प्रत्येक बोट आपल्या नांगराभोवती वर्तुळात फिरते, आणि नांगराच्या दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट असते हे ध्यानात घेता शेजाऱ्याचे वर्तुळ वाटते त्यापेक्षा बरेच मोठे असते. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड झाली की आवाज खालच्या बाजूला वळतो व दूरवर पोहोचतो, तेव्हा संगीत आवरते घ्यावे. बोट पाण्यात उतरवण्याच्या उतारावर सामान चढवण्यात वेळ घालवू नये. ती तयारी वाहनतळावरच उरकावी.

एवढे करूनही एखादा बेफिकीर चालक भेटतोच. त्याची लाट येताना दिसली तर बसलेल्यांना सावध करावे, वेग कमी करावा आणि ती बाजूवर न घेता साधारण 45 अंशांच्या कोनात पुढच्या टोकाने कापावी. त्याचा पाठलाग करणे किंवा त्याच्या शेजारी बोट नेऊन भांडणे यामुळे गर्दीत दोन बेफिकीर बोटी होतात. बोटीचा नोंदणी क्रमांक, वेळ, जागा आणि ती कोणत्या दिशेने गेली एवढे टिपून जलाशयाच्या व्यवस्थापनाला किंवा गस्ती पथकाला कळवावे. चित्रीकरण करायचे असेल तर ते सोबतच्या प्रवाशाने करावे. चालकाचे हात सुकाणूवरच राहावेत.