क्रेडिट कार्डची लिमिट वाढवून घ्यायची आहे? मग गरज नसताना मागा

तीन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. ठाण्यातल्याच एका रुग्णालयाने दाखल होताना १ लाख रुपये अनामत भरायला सांगितली. माझ्या कार्डची लिमिट ६० हजार, त्यातले ४२ हजार आधीच वापरलेले. नौपाड्याला परत येताना रिक्षातच अ‍ॅपवरून लिमिट वाढवण्याचा अर्ज टाकला. संध्याकाळच्या आत नकार आला. भावाने एफडी मोडली म्हणून निभावलं.

तेव्हा बँकेचा खूप राग आला. पण मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. त्या कामात पुढे इतरांच्याही अशा फायली पाहिल्या आणि कारण समजलं. सत्तर टक्के लिमिट संपलेला, घाईघाईने आणखी मागणारा माणूस बँकेच्या यंत्रणेला अडचणीत आलेला दिसतो. ज्या दिवशी लिमिट सगळ्यात जास्त हवी असते, त्याच दिवशी आपली फाइल सगळ्यात वाईट दिसते. म्हणून ही मागणी चांगल्या दिवसांत करायची, आणि त्याची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करायची.

आधी स्वतःचा रिपोर्ट वाचा

भारतात क्रेडिट माहिती, म्हणजे आपण कर्जं आणि कार्डाची बिलं कशी फेडतो याची नोंद, ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलताना आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो. या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो; रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, पैसे भरायची गरज नाही. आपला रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून मिळणारे गुण, कमी होत नाही. ही भीती अनेकांच्या मनात असते आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं रिपोर्ट उघडतच नाहीत.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साधारण ७५०च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. पण नुसता आकडा पाहून थांबू नका, आतली पानं वाचा. कधीच बंद केलेलं कार्ड अजून चालू दिसतंय का? फेडलेल्या कर्जावर थकबाकी दिसतेय का? आपण न केलेल्या अर्जाची चौकशी नोंदली आहे का? चूक सापडली तर लगेच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत ती सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. चूक दुरुस्त होईपर्यंत लिमिटचा अर्ज करू नका.

आणि एखाद्या महिन्यात बिल एक दिवस उशिरा भरलं म्हणून घाबरू नका. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, तरच बँकेला ते ‘थकलं’ म्हणून कळवता येतं आणि लेट फी लावता येते. अर्थात याची सवय लावून घ्यायची नाही. व्याज लागू शकतं.

वापराचं प्रमाण खाली आणा

माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वात महत्त्वाचं, आणि बहुतेकांना नेमकं हेच माहीत नसतं.

माझी भाची ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. पहिल्या नोकरीत मिळालेलं कार्ड, लिमिट ५० हजार. किराणा, लोकलचा पास, गाडीचं पेट्रोल, घरातली बिलं असं सगळं ती कार्डवरूनच करते, महिन्याला ३५ हजारांच्या आसपास. दर महिन्याला पूर्ण बिल वेळेवर भरते. तरी स्कोअर हलेना. तिला वाटायचं, मी एक रुपयाही थकवत नाही, मग अडतंय कुठे?

अडत होतं ते ३५ भागिले ५० मध्ये. तिचा वापर लिमिटच्या ७० टक्के होता. क्रेडिट कंपन्यांकडे सहसा जातो तो स्टेटमेंट निघतं त्या दिवशीचा आकडा. आपण ते बिल पंधरा दिवसांनी पूर्ण भरलं तरी फोटो निघालेला असतो तो ७० टक्के वापरलेल्या कार्डाचा. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवावं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

उपाय सोपा निघाला. स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधी तिने २५ हजार भरायला सुरुवात केली. स्टेटमेंटवर उरले १० हजार, म्हणजे २० टक्के. खर्च तेवढाच, पैसेही तेवढेच, फक्त भरायची तारीख अलीकडे आणली. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून निदान दोनदा कळवावी लागते. त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. दोन-तीन स्टेटमेंट अशी स्वच्छ जाऊ द्या, मगच अर्ज करा.

पगार १ तारखेला आणि स्टेटमेंट २७ तारखेला, असं गणित जुळत नसेल तर बिलिंगची तारीख बदलून मागा. निदान एकदा तरी ती बदलून देणं बँकेवर बंधनकारक आहे.

कागद

नोकरदारांचं काम थोडक्यात होतं: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. कार्ड घेतलं तेव्हा पगार २८ हजार होता आणि आता ५५ हजार आहे, तरी बँकेच्या नोंदीत बहुधा २८ हजारच असतो. अर्जाआधी अ‍ॅपमधलं उत्पन्न, नोकरी आणि पत्ता अद्ययावत करा. पगारवाढीचं पत्र नुकतंच हातात पडलं असेल तर त्यासारखी वेळ नाही.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनचं वर्कशॉप चालवणारे एक काका माझ्याकडे आले होते. धंदा उत्तम, दोन कामगार हाताखाली, पण प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. बँक त्यांना लिमिट देईना. त्यांचं म्हणणं, ‘अहो ताई, महिन्याला माझ्या हातातून किती पैसा फिरतो ते बघा की!’ पण बँक बघते ते रिटर्नवर लिहिलेलं आणि खात्यातून फिरलेलं. रोखीत आलेला आणि रोखीतच गेलेला पैसा तिच्या लेखी नसतोच. व्यावसायिकांनी दोन वर्षांचे रिटर्न, जीएसटी असेल तर त्याची विवरणपत्रं आणि चालू खात्याचं स्टेटमेंट तयार ठेवावं. गिऱ्हाइकांकडून येणारे पैसे यूपीआयने किंवा चेकने खात्यात घ्यायची सवय आजपासून लावली, तर पुढच्या वर्षीचा अर्ज भक्कम होईल.

उत्पन्नाचा पुरावा अजिबातच नसेल, तर एफडीवर मिळणारं कार्ड हा चांगला रस्ता आहे. एफडीच्या रकमेचा ठरावीक भाग लिमिट म्हणून मिळतो आणि एफडीवरचं व्याज चालू राहतं. गृहिणींना आणि नुकतंच कॉलेज संपवलेल्या मुलांना मी हेच सांगते.

मागायचं कसं

सर्वांत आधी अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डच्या पानावर जाऊन पाहा. बँकेने स्वतःहून वाढीव लिमिट मंजूर करून ठेवली असेल तर तिथेच दिसते, होकार दिला की बहुतेक वेळा कागद न मागता काम होतं. तशी ऑफर नसेल तर तिथूनच विनंती टाका, नाहीतर कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. कार्ड घेऊन निदान सहा महिने झालेले असावेत, आणि आधी विनंती केली असेल तर तिलाही सहा महिने होऊन जाऊ द्यावेत.

फोनवर सरळ बोला: ‘माझं उत्पन्न वाढलंय, गेल्या वर्षभरात एकही बिल चुकलेलं नाही, लिमिट ६० हजारांवरून दीड लाख करून हवी आहे. कागद कुठे पाठवू?’ आकडा सांगायला लाजू नका, पण अवास्तवही सांगू नका. पगार ४० हजार आणि लिमिट मागितली पाच लाख, तर आपणच शंका निर्माण करतो.

फोन ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न नक्की विचारा. या विनंतीसाठी माझ्या रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी (अर्जासाठी बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद) होणार का? लिमिटबरोबर कार्डाचा प्रकार बदलून वार्षिक फी वाढणार का? आणि ही खरोखर लिमिटवाढ आहे, की कार्डवरचं कर्ज? तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. ‘मॅडम, तुम्हाला दोन लाख मंजूर झालेत’ असं ऐकून लोक होकार देतात आणि पुढच्या बिलात हप्ता दिसल्यावर कळतं की कर्ज गळ्यात पडलं.

हार्ड इन्क्वायरीने स्कोअर थोडा खाली येतो, म्हणून एकाच महिन्यात तीन बँकांकडे मागणी करू नका. आणि घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅट बघत असाल, येत्या काही महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज जाणार असेल, तर लिमिटचं काम कर्ज हातात पडेपर्यंत थांबवा.

नाही म्हणाले तर

कारण ईमेलवर लेखी मागा. वापराचं प्रमाण, जुनं उत्पन्न, दुसऱ्या कर्जाचे हप्ते, बहुधा यातलंच काहीतरी निघतं. ते दुरुस्त करून सहा महिन्यांनी पुन्हा मागा. लिमिट द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. उलट तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवली किंवा कार्ड बदलून फी लावली, तर मात्र ती तक्रारीची गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न विचारता कार्ड बदलून पैसे लावले, तर ते परत करून शिवाय त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा असतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर लोकपाल.

‘लिमिट वाढवून देतो’ असा फोन आला तर

कापा. ज्येष्ठांच्या घरी हे आवर्जून सांगा. लिमिट वाढवायला कुठल्याही बँकेला तुमचा ओटीपी, सीव्हीव्ही किंवा पिन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल तर उघडायचीच नाही. ती फोनमध्ये बसली की येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी येतं, म्हणून संकोचात एक तासही घालवू नका.

लिमिट वाढली, आता?

वाढलेली लिमिट म्हणजे वाढलेला पगार नव्हे, हे मनात पक्कं ठेवा. ४० हजार थकवले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं, तर व्याजाचेच १,४०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. हे एका महिन्याचे. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, भरून आपण फक्त लेट फी वाचवतो, व्याज नाही.

लिमिट वाढल्याचा मेसेज आला त्याच दिवशी अ‍ॅप उघडा. ऑनलाइन खरेदी, दुकानातलं स्वाइप, टॅप करून पैसे देणं, परदेशी व्यवहार, या प्रत्येकासाठी स्वतंत्र मर्यादा आपल्याला लावता येते, हवं ते बंदही ठेवता येतं. माझी लिमिट आता दीड लाख आहे. पण रोजच्या वापराच्या मर्यादा मी जुन्या खर्चाएवढ्याच ठेवल्या आहेत आणि परदेशी व्यवहार बंद. गेल्या पावसाळ्यात आईच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. अनामत भरायच्या खिडकीपुढे उभं राहून मी दुकानातल्या वापराची मर्यादा वर सरकवली, १ लाख भरले आणि विम्याचे पैसे आल्यावर ड्यू डेटच्या आत पूर्ण बिल फेडलं.